गायरानाचा तर्जुमा

मला उर्दू लिहिता-वाचता यायचं ते वडिलांच्या हट्टामुळे. ते हैदराबाद संस्थानातल्या बीडच्या तहसिलीत दप्तर सांभाळायचे. मोडी अक्षर त्यांच्यासारखं त्या कचेरीत दुसऱ्या कुणाचं नव्हतं. पण वरचं सगळं काम उर्दूत चालायचं आणि दर बढतीच्या वेळी त्यांच्यामागून लागलेला कुणीतरी पुढं जायचा. पोराच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि सातव्या वर्षी मला मशिदीमागच्या मौलवीसाहेबांकडे नेऊन बसवलं. बाविसाव्या वर्षी मी जंगल खात्यात लागलो. हुद्दा मुतर्जिम, म्हणजे तर्जुमा करणारा. साहेब उर्दूत बोलतील ते गावाला मराठीत सांगायचं आणि गाव बोलेल ते साहेबांना उर्दूत.

खात्याच्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला मोहतमीम म्हणत. आमचे मोहतमीमसाहेब हैदराबादचे, चाळिशीचे, सडसडीत. डोंगर लागला की घोड्यावरून उतरून पायी चालायचे. चालता चालता वाकून मूठभर माती उचलायचे, बोटांनी चुरून बघायचे आणि काही न बोलता टाकून द्यायचे. बालाघाट बोडका होत चाललाय, दर पावसात माती ओढ्यानं खाली जातेय, असंच चाललं तर बिंदुसरा नदीला उन्हाळ्यात पाण्याचा टिपूस राहणार नाही, असं ते मला परत परत सांगत. "इसको आराम चाहिये," डोंगराकडे हात करून म्हणत, घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं.

दोन हिवाळे पायपीट करून त्यांनी डोंगराची योजना आखली होती. टेबलावर नकाशा पसरलेला असायचा. साफ बंद ठेवायचे ते डोंगर हिरवे, पाळीपाळीनं गुरं सोडायची ते पिवळे, बाकी कोरं. मला तो नकाशा फार आवडायचा. त्यातला हिरवा रंग मीच भरला होता.

संक्रांत झाल्यावर आम्ही गावोगाव जाहीरनामा वाचायला निघालो. पालीच्या पुढं घाट चढून गेलं की सपाटीवर एक लहानसं गाव आहे. गावाच्या पाठीशी मोठं गायरान, थेट डोंगराच्या माथ्यापर्यंत. गाई, म्हशी, शेरडं, मेंढरं, सगळं त्याच्या जिवावर. आमच्या नकाशात ते सगळंच्या सगळं हिरवं होतं.

दवंडी पिटून लोकांना चावडीपुढं बसवलेलं होतं. साहेब खुर्चीवर, मी त्यांच्या बाजूला उभा. पहिल्या वाक्यालाच माणसं बिथरली. सरकारनं डोंगराची पाहणी केली, एवढंच मी सांगितलं होतं, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "डोंगर घेतला बे आपला!" एकदम गलका उठला. साहेबांबरोबरचे दोन शिपाई काठ्या सरसावून पुढं आले. तेव्हा पाटील उठले. धिप्पाड माणूस, पांढऱ्या मिशा. त्यांनी हात वर केला आणि थेट मला विचारलं, "मुनशी, बाकीचं ऱ्हाऊ द्या. गायरान ऱ्हातंय का जातंय, तेवढं सांगा."

जाहीरनाम्यात शब्द होता 'महफूज'. सरकारनं हा डोंगर महफूज केला. खात्याच्या भाषेत त्याचा अर्थ राखीव, परवानगीवाचून आत पाऊल टाकायचं नाही. साध्या बोलण्यात त्याचा अर्थ सुखरूप. हा दुसरा अर्थ त्या लोकांच्याही कानावरचा होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एका शिपायाच्या काठीपुढं एक म्हातारा छाती काढून उभा होता.

मी म्हणालो, "गायरान महफूज राहतंय पाटील. त्याला कुणाचा हात लागणार नाही."

मी खोटं बोलतोय असं मला त्या क्षणी वाटलं नाही. खरं सांगतोय असंही वाटलं नाही. तो गलका थांबावा एवढंच मला हवं होतं, आणि तो थांबला.

पुढं कलम होतं: कुणाचा हक असेल आणि त्यावरून उजर, म्हणजे हरकत असेल, तर ती अर्दिबेहिश्त महिन्याच्या अखेरपर्यंत लेखी दाखल करावी, नंतर ऐकली जाणार नाही. तेही मी वाचलं. पण लोक आता आपापसात बोलायला लागले होते. अर्दिबेहिश्त म्हणजे आपल्या चैत्राच्या आसपास, एवढं सांगायला मला दोन शब्द लागले असते. मी ते सांगितले नाहीत. शेवटी कागदावर 'ऐकलं आणि समजलं' अशी ओळ होती. तिच्याखाली पाटलांनी आणि घरटी एकेकानं अंगठा उठवला. जाताना आम्हाला हुरडा खायला घातला.

घाट उतरताना साहेबांनी विचारलं, "क्या बोले तुम उनको? एकदम चुप हो गये."

"जो लिखा है वही, हुजूर," मी म्हणालो.

मग मी ते विसरून गेलो असं म्हणालो तर ते खरं नाही. आजूबाजूच्या गावांच्या हरकतींचे गठ्ठे येत होते, त्यांचा तर्जुमा मीच करत होतो. त्या गावाकडून कागद नाही हे मला दिसत होतं. येईल, असं मी रोज स्वतःला सांगत होतो.

पाडवा होऊन गेला होता. बाजाराच्या दिवशी मी भाजी घेऊन निघालो होतो, तर कुणीतरी मागून हाक मारली. वळून बघितलं तर पन्नाशीची एक धनगरीण. डोक्यावर लोकरीचं गाठोडं, हात कोपरापर्यंत गोंदलेले. मी ओळखलं नाही. तिनं मला बरोबर ओळखलं होतं.

"तुमीच न्हवं का ते साहेबासंगं आलते? आमच्या गावाला, चावडीत?"

मी हो म्हणालो.

"लई बरं झालं भेटलात. तुमच्या तोंडात साखर पडू दे." तिनं गाठोडं खाली ठेवलं. "खालच्या गावाचं गायरान गेलं म्हनं. माजी भैन हाय तिथं, रडत आलती. म्या तिला म्हनलं, आमचं न्हाई गं गेलं. आमचं महफूज झालंय. त्या मुनशीनं सोता सांगितलंय."

तिच्याकडं सव्वाशे मेंढरं होती. नवरा वारल्यापासून एकटी सांभाळत होती. औंदा शंभरावर आणखी पंचवीस ठेवली, विकली नाहीत, कारण आता डोंगराची धास्ती उरली नव्हती. हे सगळं ती आनंदानं सांगत होती. मी काय बोललो ते मला आठवत नाही. ती गेल्यावर माझ्या हातातली भाजी मी कुठंतरी ठेवली आणि तशीच विसरून घरी आलो.

त्या दिवशी कचेरी बंद होती, पण दप्तराच्या किल्ल्या शिपायाकडं असायच्या. मी जाऊन मिसल, म्हणजे या कामाच्या कागदांचा गठ्ठा, काढली आणि पुन्हा वाचली. वरच्या डोंगरात मेंढी आणि शेळी कायमची बंद. गुरं बंद. ओढ्यापलीकडच्या झऱ्याकडं जायची वाट बंद, कारण तीही हिरव्यातच येत होती. मुदतीत उजर आला तर चौकशी होऊन फेरबदल होऊ शकेल. मुदतीला तो दिवस धरून चार दिवस उरले होते. त्या गावाच्या नावापुढं कोरं होतं.

संध्याकाळी मी वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू काय बोललास ते कुठल्या कागदावर आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग कागदावर काय आहे?"

"ऐकलं आणि समजलं. आणि त्यांचे अंगठे."

"मग गप बस," ते म्हणाले. "तुला तिथं लावायला मी किती दारं झिजवली ते तुला माहीत नाही. उगाच तोंड उघडू नकोस."

ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फार वर्षांनी घरात एक स्थिर नोकरी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो. ते कुठल्या गावचा डोंगर कधी बंद करायचा त्याचं वेळापत्रक लिहीत होते. मी सांगायला लागलो आणि त्यांनी दौत बाजूला सरकवली. पूर्ण ऐकून घेतलं. रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"लिखनेवाले ने सही लिखा, सुननेवाले ने सही सुना," ते शेवटी म्हणाले. "ग़लत सिर्फ़ तुम थे." मग उठून नकाशापाशी गेले. त्या गावाच्या हिरव्या डोंगरावर बोट ठेवून उभे राहिले. हा डोंगर बंद व्हायलाच हवा, असं त्यांनी मला सांगितलं. तो सगळ्यात जास्त झिजलेला होता आणि पाण्याचा उगम तिथंच होता. गावानं हरकत घेतली तर त्यांच्या योजनेचा मधला तुकडाच निघणार होता. तरी ते म्हणाले, "तारीख सरकारची आहे, मी बदलू शकत नाही. पण अखेरच्या दिवशी कचेरी बंद होईपर्यंत जो कागद येईल तो मी घेईन. तुम्ही रजेवर जा. खात्याचा माणूस म्हणून जायचं नाही."

मी रजेचा अर्ज तिथंच लिहिला आणि कोरे कागद, कलम, शाईची पुडी घेऊन निघालो. पालीपर्यंत एका गाडीवानानं घेतलं. पुढं घाट पायी. चैत्राचं ऊन, घाटात सावलीला एक झाड नाही. साहेब म्हणायचे तो बोडका डोंगर मी पहिल्यांदा त्यांच्या मागं न चालता बघत होतो.

दुपार कलताना गावात पोचलो. पाटील चावडीच्या सावलीत बसले होते. चार-पाच माणसं होती. मला बघून पाटील हसले, बसायला घोंगडी टाकायला सांगितली, पाणी दिलं. मी पाणी प्यायलो नाही. आधी सांगून टाकलं.

सांगून झाल्यावर कडेला बसलेला एक तरणाबांड गडी उठला आणि त्यानं माझ्या सदऱ्याला हात घातला. "तवा झोपलतास काय बे? आं?" गळपट्टी फाटली, मी पडता पडता राहिलो. कागद खाली सांडले. पाटलांनी त्याला मागं ओढलं, पण माझ्याकडं बघत राहिले. आता त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"आता काय करायचं म्हनतूस?" मला ते पहिल्यांदाच अरेतुरे करत होते.

"मी उजर लिहितो. गावाची वहिवाट काय, गुरं कुठं चरतात, पाणी कुठं पितात, सगळं. तुम्ही अंगठे द्या. परवा कचेरी बंद व्हायच्या आत तो बीडला पोचला पाहिजे."

पाटील मान हलवत राहिले. "मागं म्हनलास डोंगर तुमचाच हाय, अंगठे द्या. आता म्हनतूस डोंगर गेला, अंगठे द्या. दोनी बारीला अंगठे आमचेच."

मी शाईची पुडी काढून पुढं ठेवली.

"त्या कागदात काय लिवशील ते आमाला कळनार हाय का? गायरान खुशीनं दिलं असं लिवलंस तर?" दुसरा एकजण म्हणाला. "याला साहेबानंच धाडलं असंल."

"साहेबांनी धाडलं असतं तर मी पायी आलो नसतो," मी म्हणालो. ते कुणी ऐकलं नाही. त्यांनी माझे कागद गोळा करून पाटलांच्या मांडीखाली ठेवले. मी परत जायचं म्हणालो असतो तर मला जाऊ दिलं असतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. त्या तरण्यानं चावडीच्या पायरीवर बैठक मारली होती आणि तो तिथून हलत नव्हता.

ऊन उतरल्यावर मेंढरं गावात आली. ती बाजारात भेटलेली धनगरीण वाड्याकडं मेंढरं लावून चावडीपाशी आली. तिला कुणीतरी वाटेतच सांगितलं असावं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाजारात का न्हाई सांगितलं?" तिनं विचारलं.

"मावशी, तेव्हा माझं तोंड उघडलं नाही."

"कावून?"

"भ्यालो."

ती पाटलांकडं वळली. "पाटील, ह्यो भित्रा हाय. खोटारडा असता तर म्हनला असता, मला ठावंच न्हवतं. लिवू द्या त्याला. अंगठा आज कुनीच देऊ नका. कागद बीडला न्यायचा, आपल्या बागवानाकडून वाचून घ्यायचा. त्यो बराबर म्हनला तर तिथंच अंगठे द्यायचे."

बागवान म्हणजे बीडचे एक फळवाले मुसलमान गृहस्थ, उर्दू वाचता येणारे. दर साली दसऱ्याच्या सुमाराला ते त्या डोंगरातली सीताफळं उतरवून न्यायचे. गावात त्यांच्या शब्दाला किंमत होती. पाटलांनी बराच विचार केला आणि मांडीखालचे कागद काढून माझ्यापुढं ठेवले. त्या रात्री मला चावडीत झोपवलं. दाराशी माणूस बसलेला होता.

दुसरा दिवस डोंगर लिहिण्यात गेला. उजरात चतुःसीमा लागते, वहिवाट कुठून कुठपर्यंत ते लागतं. त्यामुळे डोंगर पायाखाली घालणं भाग होतं. मावशी पुढं, मी मागं, त्या तरण्यासह दोन गडी माझ्या मागं. आमच्या नकाशात तो सगळा एकच हिरवा डाग होता. मावशीच्या बोलण्यात त्याची वीस-बावीस ठिकाणं निघाली. लांडगदरा, तिथं उन्हाळ्यात मेंढरं न्यायची नाहीत. धावड्याचं रान, तिथलं सरपण बाया आणतात, पण उभं झाड तोडत नाहीत. उंबरझिरा, डोंगराच्या कुशीतला झरा. गावातली विहीर आटली की फाल्गुनापासून सगळं गाव तिथून पाणी आणतं. मी दगडावर बसून लिहीत होतो. घामाचे थेंब पडून शाई पसरत होती.

उंबरझिऱ्यापाशी मी विचारलं, "पूर्वी इथं पाणी जास्त असायचं का?"

तिनं झऱ्यात हात बुडवला. "म्या लगीन होऊन आले तवा घागर बुडवली की भरायची. आता वाटीनं भरावं लागतंय." मग माझ्या कलमाकडं बघून म्हणाली, "ते नको लिवू."

मी ते लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी उजाडताच पाटलांसह पाच माणसं आणि मावशी माझ्याबरोबर निघाली. कागद पाटलांच्या खिशात होता, माझ्याकडं नाही. दुपारी बारा-साडेबाराला बीडला पोचलो. बागवानांच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारच्यानं सांगितलं, ते नदीत टरबुजाच्या वाडीवर गेलेत. कचेरी चारला बंद व्हायची.

बिंदुसरेच्या कोरड्या वाळूत टरबुजांच्या वेलांचे पट्टे होते. आम्ही त्या तापलेल्या वाळूतून अर्धा कोस वर गेलो तेव्हा ते एका झावळ्यांच्या खोपीत सापडले. म्हातारे, मेंदी लावलेली दाढी. पाटलांनी सगळं सांगितलं. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला, कागद उलगडला आणि मला म्हणाले, "मुनशीजी, तुमी जरा तिकडं लांब हुबे राहा."

मी वेलांपलीकडं जाऊन उन्हात उभा राहिलो. ते एकेक ओळ बोटानं वाचत होते आणि मराठीत सांगत होते. एकेका वाक्यानंतर पाटील माझ्याकडं बघायचे. माझं लक्ष सावल्यांकडं होतं, त्या लांबत होत्या. अखेर त्यांनी मला हातानं बोलावलं.

"लिखा सो सच्चा है," बागवान म्हणाले. पाटलांनी श्वास सोडला. "मगर एक बात. ये तुमी काय लिवलं? 'सरकारनं मेहेरबानी करून गावाला चरू द्यावं.' जाहीरनाम्यात काय इचारलंय? कुनाचा हक असंल तर सांगा. हक इचारला अन् तुमी भीक मागितली. हात जोडून मागितलं तर म्हनतील, नक्को, जाव."

सरकारला अर्ज लिहायचा म्हणजे असाच, हे माझ्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं की मला ते दिसलंच नव्हतं. त्या गावाला मी दुसऱ्यांदा बुडवणार होतो, तेही जीव तोडून मदत करताना.

मी खोपीत टरबुजाच्या टोपलीवर कागद ठेवून शेवटचं पान पुन्हा लिहिलं. या डोंगरावर गुरं चारण्याचा, झऱ्याचं पाणी नेण्याचा आणि वाटेनं जाण्यायेण्याचा गावाचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हक आहे. बागवानांनी वाचून दाखवलं. पाटील म्हणाले, "हां. आता आमचं झालं." सहा अंगठे उमटले. मग आम्ही पळत सुटलो. मी, पाटील, मावशी, सगळेच. वाळूत पाय रुतत होते आणि मावशी सगळ्यांच्या पुढं होती.

आलेले कागद नोंदवून घेणाऱ्या बारनिशी कारकुनानं आवक वही अजून मिटली नव्हती, पण कलम पुसून ठेवली होती. त्यानं कागद उलटसुलट करून बघितला, मिसल काढली आणि म्हणाला, "हा घेता येत नाही. या गावानं जाहीरनामा ऐकलाय, समजलाय, अंगठे दिलेत. त्या दिवशी हरकत नव्हती, आज कुठून आली? कारण कुठंय?"

आवाज ऐकून मोहतमीमसाहेब दारात आले. त्यांनी कारकुनाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "बात इसकी ठीक है," ते म्हणाले. "वजह लिखनी पड़ेगी." आणि दारातच उभे राहिले. काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

पाटलांना उर्दू कळत नव्हतं. "काय म्हनतेत?" त्यांनी विचारलं. वडिलांचं वाक्य माझ्या कानात होतं. तोपर्यंत माझं बोलणं कुठल्याच कागदावर नव्हतं. मी कारकुनाची कलम उचलली आणि उभ्याउभ्याच लिहिलं: जाहीरनामा गावापुढं वाचताना मी त्याचा अर्थ चुकीचा सांगितला, गायरान पूर्वीप्रमाणेच राहील असं गावाला कळवलं, त्यामुळे गावानं उजर केला नाही, यात गावाचा दोष नाही. खाली नाव, हुद्दा, सही. अक्षर वेडंवाकडं आलं. साहेबांनी ते वाचलं आणि कारकुनाला म्हणाले, "दर्ज करो."

त्यानं कागदावर शिक्का मारला आणि वहीत नोंद केली. चाराला थोडी मिनिटं होती. मग मी पाटलांना सांगितलं, मी काय लिहिलं ते. त्यांनी माझ्या सदऱ्याची फाटलेली गळपट्टी बघितली आणि ती हातानं उगाचच सारखी केली.

पावसाळा संपल्यावर चौकशी झाली. साहेब स्वतः डोंगरावर गेले. मला नेलं नाही, दुसरा मुतर्जिम नेला. निकाल अर्धा गावासारखा लागला, अर्धा खात्यासारखा. खालचा निम्मा डोंगर, उंबरझिरा आणि तिथवरची वाट गावाकडं राहिली. माथ्याकडचा भाग बंद झाला. माझ्या सेवेच्या कागदावर शेरा पडला आणि माझी बदली आष्टीच्या तहसिलीत नकलनवीस म्हणून झाली. लिहिलेलं पुन्हा तसंच लिहून काढायचं, बोलायचं काही नाही. वडील चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या महिन्यात आईच्या दुखण्याचं निमित्त झालं आणि बोलायला लागले, पण तो विषय त्यांनी कधीच काढला नाही.

आष्टीला तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, बाजाराबाहेरच्या माळावर मेंढरं उतरलेली दिसली आणि त्यांच्यात ती मावशी. मी जाऊन तिच्याजवळ बसलो. निम्म्या डोंगरात तिची सगळी मेंढरं मावत नव्हती. साठ-सत्तर राखली होती आणि उन्हाळ्यात ती घेऊन सीना नदीकडं चरायला निघायची. पूर्वी तिला गाव सोडावं लागत नव्हतं. पायाला भेगा पडल्या होत्या.

"झरा कसा आहे?" मी विचारलं.

"बराय. औंदा आटला न्हाई." ती मेंढरांकडं बघत होती. "वरच्या अंगाला गवत लई झालंय. कमरंएवढं. खालून दिसतंय, पिवळंधमक. मेंढरं आपसूक तिकडंच तोंड करत्यात, वळवून वळवून हात दुखत्यात."

"साहेब म्हणायचे तसं झालं मग."

"झालं की." तिनं एक मेंढरू काठीनं वळवलं. "पन त्येला काय झालं? गवत वाढलं अन् आमी हितं आलो."

मी तिला घरी जेवायला बोलावलं, ती मेंढरं सोडून येईना. मग बायकोनं भाकरी आणि कांद्याचं कालवण बांधून दिलं, ते मी माळावर नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुढं निघून गेली. पाऊस पडल्यावर ती आष्टीवरूनच परत गेली. मी तेव्हा कचेरीत होतो, भेट झाली नाही. मेंढरं मोठ्या रस्त्यानं घाटाकडं गेल्याचं बाजारातल्या लोकांनी सांगितलं.